मुंबईची वेळ आणि देशाची वेळ

मनुष्याने घालून घेतलेले कित्येक नियम कालांतराने निसर्गनियमांसारखे भासू लागतात. अशा नियमांत घड्याळास अग्रस्थान द्यावे लागेल. घड्याळात सहाचे ठोके पडले म्हणजे खरोखरच सहा वाजले, असे आपण निःशंकपणे मानतो. हे सहा कोणी ठरविले, कोणाच्या सोयीसाठी ठरविले आणि ठरविताना कोणास विचारले होते काय, हे प्रश्न आपल्या मनास शिवतही नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने भारतीय प्रमाणवेळेसंबंधी नियमांचा एक मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला. कायद्याचे, व्यापाराचे आणि राज्यकारभाराचे सर्व व्यवहार या एकाच वेळेने चालावेत, असा त्याचा आशय होता. या मसुद्याची मुंबईत हिरिरीने चर्चा झालेली आमच्या तरी ऐकिवात नाही. ज्या शहराने स्वतःच्या वेळेसाठी सुमारे दोन पिढ्या भांडण मांडले, त्यास आज त्या भांडणाचे स्मरणही उरलेले नाही, ही गोष्ट आम्हांस विचार करण्यासारखी वाटते. आणि म्हणून तो जुना इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

प्रथम शास्त्राची बाजू पाहू. पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते, म्हणजे एका रेखांशास चार मिनिटे लागतात. यास्तव पूर्वेकडील गावी माध्यान्ह आधी होतो, पश्चिमेकडील गावी मागाहून. ही गोष्ट आपल्या ज्योतिष्यांस नवी नव्हती. त्यांनी उज्जयिनीवरून जाणारी मध्यरेषा मानली होती आणि तिच्या पूर्वेस वा पश्चिमेस असणाऱ्या स्थळासाठी गणितात देशांतरसंस्कार सांगितला होता. सूर्योदयापासून घटिका मोजणाऱ्या समाजात प्रत्येक गावास स्वतःची वेळ असे. आणि शेजारच्या गावची वेळ निराळी आहे याचे कोणास दुःख नसे, कारण बैलगाडीने प्रवास करणाऱ्याचे दोन पळांवाचून काही अडत नव्हते.

अडू लागले ते आगगाडीमुळे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली. पुढे लोहमार्ग मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत आणि मद्रासेपर्यंत जाऊन भिडले. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे, मद्रासेची ५ तास २१ मिनिटे, कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटे. एकाच रुळावरून धावणाऱ्या दोन गाड्यांच्या चालकांची घड्याळे निरनिराळी असतील तर त्याचा शेवट काय होईल हे सांगावयास नको. मद्रासेस १७९२ पासून सरकारी वेधशाळा होती, आणि ते शहर रेखांशाने मुंबई व कलकत्ता यांच्या मध्ये पडत होते. म्हणून रेल्वेने मद्रासेची वेळ स्वीकारली आणि ती तारायंत्राने स्टेशनोस्टेशनी पोहोचू लागली. मुंबईकराने याबद्दल कुरकूर केली नाही. स्टेशनात शिरले की घड्याळ अर्धा तास पुढे, बाहेर आले की पुन्हा आपली वेळ. गाडीची वेळ गाडीपुरती, ही व्यवस्था त्याने समजुतीने मान्य केली.

कलह सुरू झाला तो सरकारने स्टेशनातील वेळ शहरात आणू पाहिली तेव्हा. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबई इलाख्यातील सरकारी व्यवहार मद्रासवेळेने चालावेत असे ठरविले. व्यापारी, युरोपीय आणि एतद्देशीय दोन्ही, नाराज झाले. युनिव्हर्सिटीचा राजाबाई मनोरा तेव्हा नुकताच, म्हणजे १८७८ मध्ये, पुरा झाला होता. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या मातोश्रींच्या नावे दिलेल्या देणगीतून उभारलेल्या त्या मनोऱ्यावरील घड्याळाने कोणती वेळ दाखवावी, हा विद्वानांच्या सभेपुढील प्रश्न होऊन बसला! विश्वविद्यालयाने मुंबईच्याच वेळेचा पक्ष घेतला. मद्रासवेळ शहरात रुजली नाही, आणि हा पहिला सामना मुंबईने जिंकला.

दुसरा सामना अधिक कठीण होता, कारण या खेपेस सरकारच्या बाजूस जगाचे शास्त्र उभे होते. १८८४ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या परिषदेने ग्रिनिचचे याम्योत्तरवृत्त जगाचे आदिवृत्त म्हणून मानले, आणि हळूहळू एकेका देशाने त्या हिशेबाने आपली वेळ बांधून घेतली. हिंदुस्थानासाठी अलाहाबाद-मिर्झापुराजवळून जाणारे साडेब्याऐंशी अंशांचे रेखावृत्त निवडण्यात आले. जुलै १९०५ पासून रेल्वे व तारखाते यांनी आणि १ जानेवारी १९०६ पासून इतर सरकारी खात्यांनी, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असणारी ही प्रमाणवेळ अंगीकारली. गणिताच्या दृष्टीने निवड निर्दोष होती. कलकत्त्याने आपले घड्याळ तेवीस मिनिटे मागे घ्यावयाचे, मुंबईने एकोणचाळीस मिनिटे पुढे ढकलावयाचे. म्हणजे आपल्या जुन्या हिशेबाने दीड घटिकेहून थोडे अधिक.

परंतु राजकीय व्यवहारात निर्दोष गणित पुरत नाही. ते कोणाच्या हातून आणि कोणत्या मुहूर्तावर आले हेही पाहिले जाते. १६ ऑक्टोबर १९०५ रोजी वंगभंग अमलात आला होता. एका प्रांताचे दोन तुकडे करताना तेथील लोकांस ज्यांनी विचारले नाही, त्यांनीच अडीच महिन्यांच्या आत मुंबईकरास त्याची सकाळ बदलून दिली. स्वदेशीच्या त्या दिवसांत लोकांनी नव्या वेळेकडे विलायती मालाच्याच नजरेने पाहिले असेल तर त्यात नवल ते काय?

मात्र हा विरोध केवळ मानापमानाचा होता असे म्हणणे अर्धसत्य होईल. जानेवारी १९०६ च्या पहिल्याच आठवड्यात जेकब ससून गिरणीतील हजारो कामकरी काम सोडून उठले आणि दगडफेकीपर्यंत मजल गेली. या माणसांनी कर्झनशाहीवरील अग्रलेख वाचलेले नव्हते. बहुतेकांच्या घरी घड्याळही नसणार. त्यांचे घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. जानेवारीच्या आरंभी मुंबईत सूर्य उगवतो तो जुन्या वेळेने साडेसहाच्या सुमारास. सहाचा भोंगा नव्या वेळेने वाजू लागला तर तो जुन्या हिशेबाने पाच वाजून एकवीस मिनिटांनीच वाजावयाचा. म्हणजे सूर्योदयास सव्वा तास अवकाश असताना चाळीतून अंधारात बाहेर पडावयाचे. संध्याकाळी तितकेच लवकर सुटू, ही भरपाई कागदावर ठीक दिसते. परंतु गिरण्यांत नुकतेच विजेचे दिवे आले होते आणि त्या उजेडाच्या जोरावर मालक कामाचा दिवस रात्रीत लांबवीत होते. काटा पुढे सरकला तो सकाळी आमची झोप घेईल, पण संध्याकाळी आमचा वेळ परत देणार नाही, हे त्या निरक्षर माणसांनी ओळखले होते. हे शास्त्राविषयीचे अज्ञान नव्हते. अनुभवाचे ज्ञान होते.

पुढील कथा काहीशी विनोदी आहे. सरकारी कचेऱ्या, रेल्वे आणि तारखाते प्रमाणवेळ पाळीत. ज्या कॉर्पोरेशनात सर फेरोजशहा मेहतांच्या शब्दास वजन होते ती मात्र मुंबईच्याच वेळेस चिकटून राहिली. एकाच रस्त्याच्या दोन टोकांस दोन घड्याळे एकोणचाळीस मिनिटांच्या अंतराने उभी असत. लग्नपत्रिकेवर, सभेच्या जाहिरातीवर आणि नाटकाच्या हस्तपत्रकावर वेळेपुढे ‘मुं. टा.’ की ‘स्टँ. टा.’ हे लिहिल्यावाचून निभाव लागत नसे. आधीच वक्तशीरपणाविषयी फारशी ख्याती नसलेल्या आपल्या समाजास उशिरा येण्यासाठी यापरते सोयीचे निमित्त कोणते मिळणार? पुढे महायुद्धाच्या काळात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, सरकारने प्रमाणवेळ आणखी एक तास पुढे नेली. तेव्हा सरकारी घड्याळ आणि मुंबईची जुनी वेळ यांत पावणेदोन तासांच्या आसपास अंतर पडले.

स्वराज्य आल्यावरही काही वर्षे मुंबईची वेळ टिकून होती. मग ती गेली, आणि गेली ती मोर्चा, संप वा दगडफेक यांवाचून. अर्धशतक जे सरकारास साधले नव्हते ते असे सहजी कसे झाले? सवय हे एक कारण खरेच. रेडिओने घरोघर प्रमाणवेळ पोहोचविली होती, आणि मुंबईची वेळ मनापासून पाळणारी पिढी मागे पडली होती. परंतु त्याहून मोठे कारण आम्हांस असे वाटते की वेळ तीच राहिली, पण ती सांगणारा बदलला. परक्याने लादली म्हणून जी बोचत होती, तीच आपल्या राज्याची म्हणून अंगवळणी पडली. आज मुंबईच्या वेळेचे अवशेष शोधावयाचे तर पारशी बांधवांच्या काही अग्यारींत जावे लागते. तेथे प्रार्थनेचे प्रहर सूर्यावरून ठरतात, आणि सूर्याने प्रमाणवेळेचा ठराव मान्य केलेला नाही.

येथपर्यंतचा इतिहास हा केवळ मौजेचा विषय ठरला असता, परंतु तोच प्रश्न आज दुसऱ्या दिशेने उभा आहे. आपला देश पश्चिमेस सुमारे ६८ पासून पूर्वेस ९७ अंशांपलीकडे पसरलेला आहे; म्हणजे दोन टोकांच्या सूर्योदयांत जवळजवळ दोन तासांचे अंतर. इटानगरास जूनमध्ये साडेचारच्या आधी सूर्य उगवतो आणि डिसेंबरात साडेचारच्या सुमारास मावळतो. मुंबईप्रमाणेच तेथेही कचेरी दहास उघडावयाची म्हटली, तर उन्हाळ्यात साडेपाच तासांचा उजेड फुकट जातो आणि हिवाळ्यात दिवे लावून काम करावे लागते. आसामातील चहाच्या मळ्यांनी इंग्रजांच्या काळापासूनच आपले घड्याळ एक तास पुढे ठेवले आहे. जे मळेवाल्यांस साधले ते आम्हांस का नाही, असे तेथील लोक विचारतात. तेथील मुख्यमंत्र्यांनीही ही मागणी केली आहे. तिला शास्त्राचे पाठबळ नाही असेही नाही. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आण्विक घड्याळांच्या साहाय्याने देशाची वेळ सांभाळते. तिच्याच शास्त्रज्ञांनी २०१८ साली, पूर्वेकडे साडेसहा तासांची दुसरी वेळ ठेवता येईल आणि तिची सीमा आसाम व बंगाल यांच्या चिंचोळ्या सांध्यावर आखली तर रेल्वेची अडचण थोड्याच स्थानकांपुरती राहील, असे दाखवून दिले. सरकारने ही सूचना स्वीकारली नाही.

विरोधी पक्षाचे म्हणणे पोकळ आहे असे आम्ही म्हणत नाही. गाड्यांच्या सुरक्षिततेचा मुद्दा खरा आहे. दोन वेळांमुळे बँका, विमाने आणि तारायंत्राची नवी भावंडे यांच्या कामात गुंतागुंत वाढेल, हेही खरे. प्रमाणवेळ तशीच ठेवून पूर्वेकडील कचेऱ्या व शाळा लवकर उघडाव्यात हा तिसरा मार्गही विचारात घेण्याजोगा आहे. परंतु जेव्हा दोन घड्याळांनी देशाच्या एकात्मतेस तडा जाईल असे सांगण्यात येते, तेव्हा मात्र मुंबईच्या इतिहासाचा दाखला पुढे करावासा वाटतो. ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला तेव्हा हे शहर स्वतःची निराळी वेळ पाळीत होते. त्या वेळेमुळे मुंबईची राष्ट्रनिष्ठा एकोणचाळीस मिनिटांनी मागे पडली होती, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? उलट, ज्यांनी सबंध देशावर एकच घड्याळ बसविले त्यांना देशाचे ऐक्य नको होते.

आम्हां महाराष्ट्रीयांस या प्रश्नाची झळ लागत नाही. मुंबईचा सूर्य प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे आणि नागपूरचा सुमारे चौदा मिनिटे मागे; दोन्ही ठिकाणी आपल्याला लांब संध्याकाळ मिळते आणि ती आपण आनंदाने घालवितो. ज्यास गैरसोय नाही त्यास व्यवस्था नेहमीच नैसर्गिक वाटते. १९०६ साली सिमल्याच्या अधिकाऱ्यास ती तशीच वाटली असेल. अंधारात गिरणीची वाट चालणाऱ्याची अडचण त्याच्या कोष्टकात बसत नव्हती. आज पूर्वेकडील मुले भर उजेडात शाळेची घंटा वाजण्याची वाट पाहतात, ही अडचण आपल्या कोष्टकात बसते काय, हे आपण स्वतःस विचारले पाहिजे.

वेळ हा करार आहे. सूर्य तो करून देत नाही, माणसे करतात. आणि करारात दोन्ही पक्षांचा शब्द लागतो. देशास एक वेळ असावी की दोन, याचे उत्तर गणिती देऊ शकतील, रेल्वेचे अधिकारी देऊ शकतील. ते कोणतेही असो. परंतु ते देण्यापूर्वी ज्यांची सकाळ त्यावर अवलंबून आहे त्यांस सभेत बोलावून त्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. परकीय सत्तेकडून मुंबईने एवढीच अपेक्षा केली होती, आणि ती पुरी झाली नाही म्हणून दोन पिढ्या दोन घड्याळांचा त्रास सोसला. स्वराज्यात ही अपेक्षा पुरी होण्यास अर्धशतक लागू नये.