टोपीचं तोंड

परवा तलवाड्यात त्वरिता देवीच्या दर्शनाला निघताना आमच्या नातवानं टोपी उलटी घातली. आम्ही म्हणालो, "अरे, टोपीचं तोंड पुढं असतं." तो नुसता हसला.

आता इतिहास बघा. १८२९ साली तुर्की सुलतान दुसरा महमूद यानं पागोटं काढायला लावून रूमी टोपी आणली, आधुनिक म्हणून. १९२५ साली केमाल पाशानं तीच जुनाट ठरवून बंद केली. निजामाच्या राज्यात, म्हणजे आपल्या बीडकडंही, त्या टोपीचा रुबाब होता. मग असहकारानंतर गांधी टोपी आली. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, तेव्हा ती डोक्यावर ठेवायला छाती लागायची. आमच्या वडिलांनी ठेवली. पटकेवाले आजोबा संतापले. पुढं आम्ही कॉलेजात बोडके फिरलो, तर वडील म्हणाले, "घरात कोणी गेलंय का?"

टोपी काढली म्हणून बोलणी खाल्लेले आम्ही, टोपी घातली म्हणून नातवाला बोलतो! वडिलांच्या टोपीमागं कारण होतं. आमच्या बोडकेपणामागं काय होतं, हे आम्हांला कुणी विचारलंच नाही. नातवाला मात्र विचारायला हवं. आणि उत्तर ऐकायलाही थांबायला हवं.