थंड पडलेला रेडिएटर आणि पाण्याची वाट

(बोरी अरब येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विषय वाचून काहींना हसू आलं असेल. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकणाऱ्या आपल्या यवतमाळ जिल्ह्यात घर तापवायच्या यंत्राचं काय काम? पण विदर्भातली कितीतरी मुलं आज इंग्लंड-जर्मनीत राहतात, आणि हिवाळ्यात त्यांच्या घरांत एक तक्रार हमखास निघते: "सगळ्या खोल्या गरम आहेत, एकच रेडिएटर थंड पडलाय." या साध्या तक्रारीत अडीचशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे, आणि त्यातला काही भाग आपल्या ओळखीचा आहे.

आधी रेडिएटर म्हणजे काय ते पाहू. आपल्याला तो ट्रॅक्टरचा ठाऊक आहे. तो इंजिन थंड करतो. कसा? इंजिनातली उष्णता पाण्यात घेतो आणि हवेला देतो. घरातला रेडिएटरही हेच करतो, फक्त तिथे हवा गरम होणं हाच हेतू असतो. एका कोपऱ्यात गॅसवर पाणी तापवणारा बॉयलर, पाणी ढकलणारा पंप, गरम पाणी नेणारा एक पाइप, निवलेलं पाणी परत आणणारा दुसरा, आणि मधे प्रत्येक खोलीत भिंतीला लावलेली लोखंडी पोकळ पाटी. तेच पाणी वर्षानुवर्षं फिरत राहतं.

ही कल्पना आली कुठून? १७७७ च्या सुमारास पॅरिसमध्ये बोनमाँ नावाच्या गृहस्थाने कोंबडीची अंडी उबवण्यासाठी नळ्यांतून गरम पाणी फिरवलं. म्हणजे या सोयीचा पहिला लाभ माणसाच्या आधी पिल्लांना मिळाला! त्याच्याकडे पंप नव्हता. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, निवलेलं जड होऊन खाली येतं, एवढ्याच नियमावर पाणी फिरायचं. आज आपल्या गच्चीवरचा सोलर याच नियमावर चालतो. टाकी पॅनलपेक्षा उंच ठेवतात ती याचसाठी.

आपल्या न्हाणीतला तांब्याचा बंबही त्याच कुळातला. मधल्या नळकांड्यात पऱ्हाट्या पेटवायच्या, भोवती पाणी. काही बंबांना वरून थंड पाणी ओतायचं नाळकं असतं. ओतलेलं पाणी तळाशी जातं आणि वरचं कढत पाणी तोटीतून बाहेर पडतं. पंप नाही, वीज नाही. ज्याने बंब वापरला, त्याला हे शास्त्र हाताने कळलेलं आहे.

पुढे १८३१ मध्ये लंडनमध्ये अँजियर मार्च पर्किन्सने बारीक नळ्यांतून जास्त दाबाचं गरम पाणी फिरवण्याचं पेटंट घेतलं. १८५० च्या दशकात सेंट पीटर्सबर्गमध्ये फ्रान्झ सान गाली याने ओतीव लोखंडाचा रेडिएटर केला. तरी इंग्लंडची सामान्य घरं शंभर वर्षं कोळशाच्या शेगडीवरच होती. १९६५ मध्ये उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला. १९६७ पासून दहा वर्षांत तिथल्या घरोघरची उपकरणं त्या वायूवर चालतील अशी बदलली गेली, आणि त्यानंतर रेडिएटर घराघरात पसरला. साठच्या दशकात गेलेल्या आपल्या डॉक्टर मंडळींच्या वाट्याला बऱ्याचदा रॉकेलचा हीटर आला. त्यांच्या मुलांच्या वाट्याला रेडिएटर आला, आणि त्याच्या दुखण्यांसकट आला.

आता दुखण्यांकडे येऊ. रेडिएटरला हात लावून पाहा. तो कुठे थंड आहे यावरून रोग कळतो.

वर थंड, खाली गरम असेल तर आत हवा साठली आहे. हवा हलकी, ती वर जाऊन बसते आणि पाण्याची जागा अडवते. इलाज सोपा. हीटिंग बंद करा, पाणी निवू द्या. वरच्या कोपऱ्यात एक लहान चौकोनी खिळा असतो, त्याची किल्ली कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. खाली फडकं धरा, किल्ली अर्धा वेढा उलटी फिरवा. सूं करून हवा निघेल. पाण्याची धार लागली की लगेच बंद करा. मग बॉयलरवरचा दाबाचा काटा बघा. हवा गेली की दाब उतरतो. थंड असताना तो साधारण एक ते दीड बार हवा, कमी असेल तर नळाचं पाणी भरायचं. जुन्या घरांत माळ्यावर लहान टाकी असते, तिथे पाणी आपोआप भरतं. हवा पुन्हा पुन्हा साठत असेल तर मात्र कुठेतरी गळती आहे किंवा आत गंज चालू आहे. गंजताना हायड्रोजन सुटतो, आणि तोही वर जाऊन बसतो.

खाली थंड, वर गरम असेल तर गाळ. लोखंडाच्या गंजाचा हा काळा चिखल, त्याला चुंबक चिकटतं. तो तळाशी बसून पाण्याची वाट बुजवतो. यासाठी रेडिएटर दोन्ही बाजूंनी बंद करून, उतरवून, अंगणात पाइप लावून धुवावा लागतो. नंतर पाण्यात गंजरोधक औषध घालतात.

पूर्ण रेडिएटर थंड आणि बाकी सगळे गरम असतील तर बहुधा तोटी अडकलेली असते. आपोआप उघडझाप करणारी ही तोटी डेन्मार्कच्या मॅड्स क्लाउसनने १९४३ मध्ये आणली. उन्हाळाभर बंद राहिली की तिच्यातली पिन चिकटते. वरची टोपी काढून पिन बोटाने किंवा लाकडाच्या तुकड्याने हळूच दाबायची. ती वर उसळली पाहिजे. पकडीने ओढू नका, उपटून आली तर घरभर पाणी होईल.

चौथं दुखणं मला सगळ्यात जवळचं वाटतं. बॉयलरजवळच्या खोल्या भट्टीसारख्या आणि शेवटची खोली थंड. यात काहीही बिघडलेलं नसतं. पाणी सोप्या वाटेने जातं, पहिले रेडिएटर भरपूर ओढून घेतात आणि शेवटच्यापर्यंत काही उरत नाही. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. कालव्याच्या शेपटाला ज्याचं वावर आहे, त्याला विचारा. तिथे धरणात पाणी वाढवून भागत नाही, वरच्याची दारं थोडी आवळावी लागतात. म्हणूनच पाटबंधारे खात्याला शेपटाकडून सुरुवात करून मुखाकडे येण्याचा नियम सांगावा लागतो. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षं फड पद्धत चालली. गावाने नेमलेला पाटकरी पाळीने पाणी सोडायचा आणि शेवटच्याचा वाटाही पोचवायचा. रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाला टोपीखाली जी तोटी असते, ती या पाटकऱ्याचंच काम करते. जवळच्या रेडिएटरची ती थोडी आवळायची, लांबच्याची मोकळी ठेवायची, आणि फिरवताना वेढे मोजून लिहून ठेवायचे.

चारही दुखण्यांत एक गोष्ट ध्यानात आली का? एकाही ठिकाणी आग कमी पडलेली नाही. अडलेली आहे ती पाण्याची वाट. पण घरातला माणूस पहिल्यांदा काय करतो? बॉयलरचा आकडा वाढवतो. बिल वाढतं, खोली थंडच राहते. मग कुणीतरी नवा बॉयलर घ्यायला सांगतं, आणि गाळ जुनाच असेल तर तो नव्या बॉयलरचाही घास घेतो.

इतिहास लिहितानाही आपण असंच करतो. आग कुणी पेटवली त्याचं नाव लिहितो, वाट कुणी साफ ठेवली त्याचं लिहीत नाही. दारव्ह्यातून जाणारी आपली शकुंतला बघा. वऱ्हाडचा कापूस नेण्यासाठी किलिक निक्सन कंपनीने ही अरुंद रेल्वे उभी केली, हे सगळे सांगतात. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून तिच्यावर धावलं आणि १९९४ मध्ये निवृत्त झालं, हेही सांगतात. पण सत्तर वर्षं ते धावलं कसं? विहिरीच्या पाण्यातले क्षार बॉयलरच्या आत थर धरतात. तो थर उष्णता अडवतो आणि वाढला तर पत्रा जळतो. म्हणून वाफेच्या इंजिनाचा तळ ठराविक दिवसांनी रिकामा करून, पाण्याच्या जोराने गाळ काढून धुवावा लागतो. हे काम करणाऱ्या खलाशांची आणि फिटरांची नावं आपल्याकडे नाहीत. पुढे डिझेल इंजिन आलं, म्हणजे आग नवी झाली. रूळ मात्र जुनेच राहिले, वेग उतरत गेला आणि शेवटी गाडी थांबली. इथेही आग कमी पडली नव्हती, वाट राखली गेली नव्हती.

म्हणून परदेशातल्या मुलांना दोन गोष्टी सांगा. पहिली, गॅसचा बॉयलर स्वतः उघडू नका. ब्रिटनमध्ये ते काम गॅस सेफ नोंदणी असलेल्या कारागिरानेच करायचं, असा कायदा आहे. दुसरी, रेडिएटरची किल्ली मात्र स्वतःजवळ ठेवा, हिवाळा लागण्याआधी एकदा सगळ्यांवरून हात फिरवा, आणि कुठे काय केलं ते तारखेसह वहीत लिहा. घर पुढे दुसऱ्याकडे गेलं तरी ती वही त्याच्या कामाची.

आणि आपण इथले? ज्यांनी इंजिनं धुतली, पाट सोडले, बंबांना कल्हई केली, तोटे झाळले, त्यांच्यापैकी जे आज सत्तरी-ऐंशीत आहेत त्यांच्याकडे जाऊन बसा. विचारा, लिहून घ्या. ते ज्ञान हातात होतं, कागदावर कधी आलंच नाही, आणि त्या हातांबरोबर ते जाणार आहे.