घर कोणी शाकारायचे? : पेडणे आणि डिचोलीच्या जुन्या बाजारपेठांविषयी



आपल्या गावी पाहुणा आला आणि ‘इथे जुने काय आहे?’ असे त्याने विचारले, तर आपण त्याला देवळात नेतो. पेडण्याचा असेल तर श्रीभगवतीच्या दारातले दोन दगडी हत्ती दाखवतो. डिचोलीचा असेल तर गाडी काढून नार्व्याला सप्तकोटेश्वराकडे नेतो. बाजारातली जुनी घरे मात्र आपण दाखवत नाही. दाखवण्यासारखी ती नव्हती असे नाही. वर माडी, खाली दुकान, मागे राजांगण आणि तुळस अशी घरे या दोन्ही गावांत होती, काही अजून आहेत. पण कुणाची कौले खाली आली आहेत, कुणाच्या भिंतीतून पिंपळ फुटला आहे. देऊळ उभे राहते आणि त्याच्या शेजारचे, त्याच्याच महाजनाने बांधलेले घर पडते, असे का होते? ‘श्रद्धा’ हे उत्तर सोपे आहे, पण ते पुरे नाही. खरे उत्तर आपल्या इतिहासात आणि आपल्या कागदपत्रांत आहे, आणि तेथेच उपायही आहे, असे मला या व्याख्यानात सांगायचे आहे.

प्रथम या दोन गावांचे स्थान ध्यानात घ्या. डिचोली घाटाखाली, मांडवीला मिळणाऱ्या नदीच्या काठी वसली. वरून बैलांच्या तांड्यांनी आलेला माल इथे उतरायचा आणि होड्यांनी खाली जायचा. पेडणे हे सावंतवाडी आणि बारदेश यांच्या मधले ठाणे. अशा गावांचा बाजार हाच त्यांचा प्राण असतो. राजा बदलला तरी बाजार भरतो. १६८३ च्या सुमारास औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाने डिचोलीत राहिला होता. नमाजगाह नावाची तिथली वास्तू त्या वास्तव्याशी जोडली जाते. १६८४ च्या आरंभी शाह आलमच्या मोगल फौजेने डिचोलीची नासधूस केली. तरीही डिचोली पुन्हा वसली. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी भोसल्यांकडून पेडणे महालातला हळर्णचा किल्ला घेतला आणि त्या विजयाबद्दल व्हाइसरॉयला ‘मार्किस द आलोर्न’ हा किताब मिळाला. किताब लिस्बनला गेला, बाजार इथेच राहिला. पुढे १७८१ ते १७८८ या काळात डिचोली, सत्तरी आणि पेडणे कायमचे पोर्तुगीज अमलाखाली गेले. आपण त्यांना नव्या काबिजादी म्हणतो. इथे सोळाव्या शतकातल्यासारखी देवळे पाडली गेली नाहीत. उलट तिकडून हलवलेल्या देवांना याच बाजूने आसरा दिला होता.

सप्तकोटेश्वराची हकीकत आपणांस ठाऊक आहे. एका वेगळ्या कारणासाठी ती पुन्हा सांगतो. कदंब राजांचे हे आराध्य दैवत मूळ दिवाडी बेटावरचे. बहामनी आक्रमणात देऊळ पडले; विजयनगरच्या माधव मंत्र्याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस ते पुन्हा उभारले; पोर्तुगीजांनी ते पुन्हा पाडले आणि लिंग नदीपलीकडे डिचोली महालात आले. १६६८ च्या कार्तिकात शिवाजी महाराजांच्या आज्ञेने आजच्या देवळाचे काम सुरू झाले, असे तिथला शिलालेख सांगतो. त्या देवळाकडे नीट पाहिले आहे का? अष्टकोनी बैठकीवरचा घुमट मुसलमानी धाटणीचा, मंडपाचा तोंडवळा युरोपीय, छप्पर आपल्या कोकणी उताराचे, समोर मराठी वळणाची दीपमाळ. ज्यांना देऊळ हवे होते त्यांनी आपल्या काळातल्या गवंड्याला जे येत होते ते त्याच्याकडून करून घेतले. नवे आणि जुने यांचे भांडण त्यांच्या मनात नव्हते. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने याच वास्तूचा जीर्णोद्धार केला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ती लोकांना पुन्हा खुली झाली. जुने पाडून संगमरवर आणि सिमेंट यांचे नवे देऊळ बांधण्याचा मोह आपल्याकडे किती बळावला आहे हे आपण जाणता. म्हणून मूळ देह राखून केलेले हे काम मोलाचे आहे.

पण प्रत्येक देवळामागे शिवाजी महाराज नव्हते आणि पुरातत्त्व खातेही नसते. १९७८ च्या कायद्याखाली राज्याने संरक्षित केलेली स्मारके ५१ आहेत. गावोगावची बाकीची देवळे कुणी राखली? महाजनांनी राखली, आणि कशी राखली हे पाहण्यासारखे आहे. १८८६ मध्ये पोर्तुगीज सरकारने देवस्थानांसाठी माझनियांचे नियम केले, १९३३ मध्ये ते नव्याने घातले. सरकारी हस्तक्षेप म्हणून आपल्या पूर्वजांनी त्यांवर नाके मुरडली असतील. परंतु त्या नियमांनी एक गोष्ट पक्की केली : महाजन कोण, याची नोंदवही हवी, कारभारासाठी समिती निवडली पाहिजे, जमाखर्च मांडला पाहिजे आणि तो तपासला जाईल. म्हणजे पावसापूर्वी देवळाचे छप्पर गळते आहे असे कळले, तर कुणाला विचारायचे हे ठरलेले असते. शाकारणी ही कुणाची तरी जबाबदारी असते.

आता शेजारच्या घराकडे या.

आपली जुनी घरे चिऱ्याची नाहीतर मातीची, चुन्याने लिंपलेली, वर नळे किंवा मंगळुरी कौले. अशा घराचे सगळे आयुष्य छपरावर अवलंबून असते. दरवर्षी मृगापूर्वी माणूस वर चढायचा, सरकलेले कौल बसवायचा, फुटलेले बदलायचा, कुजलेला वासा काढायचा. हे काम दोन दिवसांचे. पण एक पावसाळा ते चुकले की पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरते. चिरा पाणी पितो, मातीची भिंत तर विरघळतेच. वाशांना वाळवी लागते. चार-पाच पावसाळ्यांत माडी खाली येते. वरून सिमेंटचा गिलावा केला तर आत शिरलेली ओल बाहेर पडू शकत नाही आणि भिंत आतल्या आत सडते. म्हणजे दोन दिवसांचे काम करायला कुणी नव्हते, एवढ्याच कारणाने दोनशे वर्षांचे घर जाते.

कुणी का नव्हते? मुक्तीनंतर आपली माणसे पणजीला, मुंबईला, परदेशी गेली, हे एक कारण. दुसरे कारण कायद्यांचे. मोठे घर भाटाच्या आणि शेताच्या उत्पन्नावर उभे असायचे. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची त्याची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमीन दिली. हे न्यायाचेच होते. पण त्याबरोबर घराची शाकारणी ज्या पैशातून व्हायची तो आटला. १९६८ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला आधार दिला, तोही त्या काळी हवाच होता. मात्र बाजारातल्या घराचे भाडे जुन्या आकड्यावर थांबले आणि दुरुस्ती करण्यात मालकाला काही अर्थ उरला नाही. भाडेकरूलाही नाही, कारण घर त्याचे नव्हते.

तिसरे कारण सर्वांत घरगुती आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. तिने मुलाला आणि मुलीला सारखा वाटा दिला, पती-पत्नींची मालमत्ता सामाईक मानली. उर्वरित भारताला जे पुढे फार उशिरा सुचले ते आपल्याकडे तेव्हाच झाले. याचा आपण अभिमान बाळगतो आणि तो रास्तच आहे. पण त्याचा हिशेब मांडून पाहा. आजोबांना चार मुले, त्या प्रत्येकाला चार, म्हणजे सोळा वारस. सोळांचे विवाह सामाईक मालमत्तेच्या पद्धतीने झाले असतील तर सह्या बत्तीस. एक टोरंटोला, दोन दादरला, एकाचा पत्ताच नाही. मे महिन्यात घरी आलेला नातू म्हणतो, ‘काकांना विचारू.’ काका म्हणतात, ‘सगळे जमले की बघू.’ तोवर आषाढ येतो. बाजारातली बहुतेक पडकी घरे बुलडोझरने पडलेली नाहीत. ती ‘बघू’ या शब्दाने पडली आहेत.

या स्थितीत बाहेरून पैसा आला तर काय होते, हेही दोन्ही गावांनी पाहिले आहे. डिचोलीला खाणींनी पैसा दिला. त्या पैशाने पक्की दुकाने, गाळ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. मग सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातला खाणव्यवसाय थांबला; काही काळाने तो सुरू झाला तोच २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चपासून पुन्हा शुकशुकाट झाला. ट्रक उभे राहिले, गॅरेज बसले, दुकानदाराची उधारी बुडाली. ज्या बाजारपेठेचे पोट एकाच धंद्यावर होते ती त्या धंद्याबरोबर उपाशी राहिली. पेडण्याला आता विमानतळ आला आहे. ११ डिसेंबर २०२२ ला मोप्याच्या पठारावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले, ५ जानेवारी २०२३ पासून विमाने ये-जा करू लागली. जमिनींचे भाव पठारासारखेच उंच झाले. पण धारगळहून विमानतळाकडे जाणारा प्रवासी पेडण्याच्या बाजारात उतरतच नाही. विकास गावाच्या डोक्यावरून जातो आहे. गावाच्या वाट्याला येतो तो दलाल, जो पडक्या घराच्या सोळा वारसांना एकेक करून गाठतो. पैसा नसणे हा एक धोका होता, पैसा येणे हा दुसरा.

नवे बांधकाम आणि जुन्याची दुरुस्ती यांची जोडी जमू शकते का? जमते, पणजीने ते एकदा दाखवले. १८४२ मध्ये स्थापन झालेल्या वैद्यकशाळेचा वारसा सांगणारे गोवा मेडिकल कॉलेज बांबोळीला गेले, तेव्हा मांडवीकाठची जुनी इमारत रिकामी झाली. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आणायचा ठरला. तेव्हा ती इमारत दुरुस्त झाली आणि तिच्याच आवारात मागे नवे चित्रपटगृह-संकुल उभे राहिले. इमारतीला काम मिळाले म्हणून ती वाचली. उलट पणजीच्याच फोंताइन्यशमधून एक सावधगिरी शिकण्यासारखी आहे. तिथली रंगीत घरे टिकली, जगाने वाखाणली. पण आता दारात उभे राहून फोटो काढणाऱ्यांना हटवता हटवता राहणारे थकले आहेत. घर टिकले आणि राहणारा गेला तर पेठ वाचली असे म्हणता येणार नाही. आणखी दूर पाहायचे तर अहमदाबाद पाहा. त्या जुन्या शहराला २०१७ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. तिथे वारसा म्हणून नोंदलेल्या घराच्या मालकाला, घर राखण्याच्या अटीवर, बांधकामाचा हक्क शहराच्या दुसऱ्या भागासाठी विकता येतो. जपणुकीचा भार एकट्या मालकावर टाकायचा नाही, हे तत्त्व त्यामागे आहे. आपल्या नगरपालिकांकडे आणि सरकारकडे असे काही मागण्याचा आपला हक्क आहे.

पण मागण्याआधी आपल्या घरी करण्याजोगे बरेच आहे, आणि गंमत म्हणजे त्याची तरतूद ज्या संहितेला आपण दोष देतो तिच्यातच आहे. वाटणी होईपर्यंत मालमत्ता सांभाळणारा एक कारभारी तिने सांगितला आहे. आपल्या आजोबांच्या कागदांत ‘काबेस-द-कझाल’ हे शब्द आपण वाचले असतील, तो हाच. इन्व्हेंटरीत वारसांना आपसांत बोली लावता येते. ज्याला घर राखायचे आहे त्याने ते अखंड घ्यावे आणि इतरांना त्यांच्या वाट्याचे पैसे द्यावेत, अशी ती सोय आहे. २०१२ चा गोव्याचा वारसा आणि इन्व्हेंटरीविषयक कायदा डिसेंबर २०१६ पासून लागू झाला. त्यातही ही वाट कायम आहे. म्हणजे घर तुकडे न होता एका हाती राहू शकते. आपण ती वाट धरत नाही, कारण इन्व्हेंटरी म्हणजे भांडण, असे आपण मानून बसलो आहोत. खरे पाहता भांडण टाळण्यासाठी ठेवलेले वाटे हेच पुढच्या पिढीचे भांडण होते.

माझनियांच्या नियमांतून देवळासाठी आपण जे शिकलो तेच घरासाठी करू या. वारसांची एक वही करावी. एकाला कारभारी नेमून तसे लिहून द्यावे. प्रत्येकाने वर्षाला ठरावीक रक्कम शाकारणीसाठी द्यावी आणि जमाखर्च सर्वांना कळवावा. बाजाराच्या अंगाचे दालन ओसाड न ठेवता दुकानाला, वाचनालयाला, वैद्याला, खानावळीला रीतसर करारावर द्यावे. चूल पेटलेल्या घराला वाळवी उशिरा लागते. दुरुस्ती करायची तर आधी छप्पर, मग भिंत, रंग सर्वांत शेवटी; आणि जुन्या चुन्यावर चुनाच. कोजागिरीच्या पुनवेला पेडण्याला आणि उत्सवाला डिचोलीला आपण सहकुटुंब येतो. त्या वेळी देवदर्शनानंतर अर्धा तास घराच्या कागदांसाठी द्यावा, कारण सगळे वारस एका जागी जमण्याचा तोच दिवस असतो.

देवाच्या घराला शतकानुशतके वाली मिळाला, कारण वाली कोण हे लिहून ठेवले होते. आपल्या घराचा वाली कोण, हे यंदाच्या मृगापूर्वी लिहून काढा. दोन ओळींचा कागद पुरेल. त्यावर सह्या मात्र सगळ्यांच्या घ्या.