ओतकामातील त्रिमितीय प्रारूपण

ओतकामातील त्रिमितीय प्रारूपण म्हणजे ओतीव भागाचा व त्याच्या साच्याचा घनाकृती आराखडा संगणकावर तयार करण्याची पद्धत होय. कोल्हापूर हे महाराष्ट्रातील ओतकामाचे प्रमुख केंद्र असून शिवाजी उद्यमनगर, शिरोली व गोकुळ शिरगाव येथील कारखान्यांत वाहने, पंप व डिझेल इंजिनांचे भाग ओतले जातात.

पार्श्वभूमी

पूर्वी कागदावरील द्विमितीय आराखडा वाचून कारागीर लाकडी पॅटर्न घडवीत. करडे बीड थंड होताना सुमारे १ टक्का आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवतात. तो वाळूतून अलगद निघावा यासाठी बाजूंना उतार देतात. हा सारा हिशेब कारागिराच्या अनुभवावर चाले.

विकास

इव्हान सदरलँड यांच्या स्केचपॅडने (१९६३) संगणकीय रेखाटनाचा पाया घातला. ऑटोकॅडमुळे (१९८२) ते वैयक्तिक संगणकावर रुळले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या प्रो-इंजिनिअरमध्ये एक माप बदलताच त्यावर अवलंबून असलेली संपूर्ण आकृती बदलू लागली. सॉलिडवर्क्सने (१९९५) ही सोय विंडोज संगणकांवर आणली.

उपयोग

आयआयटी मुंबई येथे प्रा. बी. रवी यांच्या मार्गदर्शनाखाली विकसित झालेल्या ऑटोकास्टसारख्या आज्ञावलीत धातू सर्वांत शेवटी कोठे गोठेल हे आधीच दिसते. आकुंचनाची पोकळी तेथेच संभवत असल्याने ओतण्यापूर्वीच रायझरची जागा बदलता येते व भाग बाद होण्याचे प्रमाण घटते. मात्र सूट व उतार किती द्यायचा, हा निर्णय आजही जाणकारालाच घ्यावा लागतो.