‘कम्बरसम’ : एका इंग्रजी विशेषणाची व्युत्पत्ती आणि मुळशीचा सत्याग्रह

उचलण्यास, हलविण्यास अथवा वापरण्यास गैरसोयीच्या वस्तूस इंग्रजीत ‘कम्बरसम’ हे विशेषण लावतात. मराठीत त्यास ‘अवजड’ किंवा ‘बोजड’ म्हणता येईल. प्रस्तुत लेखात या शब्दाची व्युत्पत्ती पाहून त्याच कुळातील एका कायदेशीर संज्ञेचा मुळशीच्या इतिहासाशी आलेला संबंध तपासला आहे.

‘कम्बर’ म्हणजे अडविणे. त्यास गुणदर्शक ‘सम’ हा प्रत्यय लागून चौदाव्या शतकाच्या अखेरीस हे विशेषण तयार झाले. त्याचे मूळ जुन्या फ्रेंचमधील ‘कोम्ब्र’ व मध्ययुगीन लॅटिनमधील ‘कोम्ब्रुस’ या शब्दांपर्यंत जाते. त्यांचा अर्थ अडथळा, विशेषतः नदीपात्रात घातलेला बांध. मराठी ‘बोजड’ शब्द ‘बोजा’वरून आला. मराठी शब्दात ओझे वाहणाऱ्याचा खांदा आहे. इंग्रजी शब्दात अडलेली वाट आहे.

याच कुळातील ‘एन्कम्ब्रन्स’ म्हणजे जमिनीवरील कर्ज, गहाण किंवा इतरांचा हक्क. सातबाऱ्यावर त्याची नोंद ‘बोजा’ अशी होते. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १६ नुसार ताबा घेतल्यावर जमीन अशा सर्व बोजांपासून मुक्त होऊन सरकारकडे निहित होत असे. हा कायदा १ जानेवारी २०१४ पासून रद्द झाला.

याच कायद्याच्या आधारे टाटा कंपनीच्या वीजप्रकल्पासाठी मुळशी पेट्यातील जमिनी घेण्यात आल्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रह सुरू झाला. पुढे सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. पेट्यातील पुष्कळ जमिनी कर्जापायी सावकारांकडे गेल्या होत्या. सावकारांचा कल मोबदल्याकडे, तर मावळ्यांची घोषणा ‘जान किंवा जमीन’ अशी होती. मोबदल्याने सावकाराचे येणे वसूल होऊ शकत होते; कसणाऱ्याच्या पिढीजात वहिवाटीची भरपाई त्यातून होणे शक्य नव्हते. १९२४ मध्ये सत्याग्रह संपुष्टात आला. १९२७ मध्ये भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले व वीज मुंबईस मिळू लागली.

निष्कर्षतः असे म्हणता येईल, की मूळ शब्दात नदी अडविणारा बांध हा अडथळा होता. मुळशीत मात्र बांध ‘प्रकल्प’ ठरला आणि कसणाऱ्याचा हक्क अडथळा ठरला. म्हणून शब्दाचा इतिहास अभ्यासताना तो कोणी, कोणास उद्देशून वापरला, हेही पाहणे आवश्यक आहे.