बियांची शिदोरी

नगर जिल्ह्यातील कर्जत, जामखेड, पाथर्डी या कमी पावसाच्या तालुक्यांत रब्बी ज्वारीच्या शेतात करडईच्या ओळी टाकण्याचा परिपाठ जुना आहे. कडेची काटेरी करडई गुरांना अडविते आणि तिच्या दाण्यांतून घाण्याला तेल मिळते, हे आपण सारेच जाणतो. परंतु ते तेल करडईने आपल्या फोडणीसाठी साठविलेले नसते. ते असते तिच्या लेकरासाठी. त्या तेलाचे रोप काय करते, हे उलगडावयास शास्त्रज्ञांना जवळजवळ शंभर वर्षे लागली. तोच इतिहास आज आम्ही आपणांपुढे मांडीत आहोत.

मातीत पडलेल्या बीजापुढे एकच प्रश्न असतो. पान उजेडात येऊन स्वतःचे अन्न करू लागेपर्यंत जगावयाचे कशावर? ज्वारीचा दाणा यासाठी मुख्यतः पिष्ट साठवितो; करडई, तीळ, भुईमूग, एरंड ही तेल साठवितात. एक ग्रॅम पिष्टापासून सुमारे 4 किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर एक ग्रॅम तेलापासून सुमारे 9. म्हणजे लहानशा दाण्यात दुपटीहून अधिक शिदोरी मावते. मात्र तेल पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे ते मुळाच्या टोकापर्यंत वाहून नेता येत नाही. शिवाय नव्या पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या, आणि सेल्युलोज घडते साखरेपासून. तेव्हा तेलाची साखर झाल्यावाचून रोपाची वाढ नाही.

तेलबिया रुजताना तेल घटते आणि पिष्ट व साखर दिसू लागतात, हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलिउस झाक्स यांनी 1859 साली दाखविले. पण हे घडते कसे, याचे उत्तर मिळेना. पुढे 1937 साली हान्स क्रेब्स यांनी पेशीतील ज्वलनाचे चक्र शोधून काढले, तेव्हा कोडे अधिकच अवघड झाले. तेलाचे तुकडे दोन-दोन कार्बन अणूंचे होतात. आणि या चक्राच्या एका फेऱ्यात दोन कार्बन अणू वायुरूपाने निघून जातात. ऊर्जा मिळते, पण साखर बांधावयास काहीच उरत नाही. आपल्या शरीराचीही हीच गत आहे.

उत्तर सापडले 1957 साली, ऑक्सफर्ड येथे. हान्स कॉर्नबर्ग आणि क्रेब्स यांना अॅसिटेटवर जगणाऱ्या जिवाणूंत या चक्राची एक आडवाट आढळली. त्याच वर्षी कॉर्नबर्ग आणि हॅरी बीव्हर्स यांनी ती रुजत्या एरंडाच्या दाण्यात दाखविली. दोन विशेष विकरांच्या साहाय्याने रोप कार्बन गमावण्याच्या दोन्ही पायऱ्या टाळते. जकातीच्या दोन नाक्यांना वळसा घालून माल घरी आणावा, तसाच हा प्रकार. दोन तुकड्यांतून चार कार्बनचे आम्ल होते आणि त्यापासून पुढे साखर. 1967 साली ब्रायडनबाख व बीव्हर्स यांनी हे काम जेथे चालते ते पेशीतील सूक्ष्म कण वेगळे काढून त्यांना ‘ग्लायऑक्सिसोम’ हे नाव दिले. करडईची दले उजेडात हिरवी झाली की या विकरांचे काम संपते. शिदोरी सरते आणि कमाई सुरू होते.

आपल्या जिल्ह्यात राहुरीस 1968 साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज महात्मा फुले यांचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठाने करडईचे ‘भीमा’, ‘फुले कुसुमा’ असे वाण दिले. परंतु वाण कितीही चांगला असला, तरी दाण्यातील शिदोरी मोजकीच असते. रब्बीत ओल खाली गेली म्हणून पाभर फार खोल घातली, तर वाटेतच तेल संपते आणि कोंब मातीतच मरतो. बी दमट, उबदार जागी फार दिवस राहिले, तर तेल खवट होते आणि उगवण घटते. भुईमुगाच्या शेंगा पेरणीच्या तोंडावरच फोडाव्यात, असे जुनी माणसे सांगत. त्याचे मर्म हेच. फुटलेल्या दाण्याला हवा लवकर लागते.

दुबार पेरणी म्हणजे काय, हे येथील शेतकऱ्याला सांगावयास नको. दुसऱ्यांदा बी घ्यावयाचे तर बहुधा कर्ज काढावे लागते आणि तोवर ओलही उडून जाते. म्हणून बियाण्याचे मूठभर दाणे जपताना आपण केवळ वाण जपत नाही, तर त्या इवल्या जिवाची पहिल्या काही दिवसांची भाकर जपत असतो, एवढे ध्यानी असावे.