न्हावा शेवाचं टर्मिनल ठप्प झालं, तो दिवस

मार्च २०१७. विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने दिला. मे महिन्यात 'वॉनाक्राय' हा व्हायरस त्याच भगदाडातून जगभर शिरला. तरीही कित्येक ऑफिसांतले कॉम्प्युटर पॅचविना राहिले.

२७ जून, दुपारी ४ (भारतीय वेळ). युक्रेनमध्ये हिशेब आणि करासाठी वापरतात त्या 'एम.ई.डॉक'च्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' हा दुसरा व्हायरस सुटला. एक मशीन हाती लागलं की त्याच भगदाडातून किंवा तिथले पासवर्ड चोरून शेजारच्यात शिरायचं, ही त्याची रीत. त्यामुळे पॅच लावलेलेही सुटले नाहीत.

४.१० ते ५. सगळं बिघडलं ते या वेळात. आत शिरल्यावर तो डिस्कचा बूट सेक्टर बदलायचा आणि दहा ते साठ मिनिटांत मशीन रीस्टार्ट करायचा. मग काळ्या पडद्यावर डिस्क दुरुस्त होत असल्याचा संदेश, वाढत जाणारे टक्के आणि वर ताकीद: पीसी बंद करू नका! सगळा बनाव. त्या वेळी फाइलींची अनुक्रमणिका कुलूपबंद होत असे. तेव्हाच प्लग ओढून लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं, तर बरंच काही काढून घेता येई. नाहीतर डिस्क दिसायची, पण तिच्यात काय कुठे आहे, हे कळायचं नाही. आज्ञाधारक माणसांनी अर्थातच प्लगला हात लावला नाही.

संध्याकाळ. कोपनहेगनच्या मर्स्क या जहाज कंपनीला आपलं नेटवर्क तोडायला दोन तासांहून जास्त लागले. तोवर झळ उरण तालुक्यात पोचली होती. तिथल्या न्हावा शेवा बंदरातल्या, म्हणजे तेव्हाच्या जेएनपीटीतल्या 'गेटवे टर्मिनल्स इंडिया'त मर्स्कच्याच एपीएम टर्मिनल्सचा मोठा हिस्सा आहे.

२८ जून. क्रेन शाबूत, कंटेनर जागेवर. पण कुठला माल कुणाचा, हे सांगणारी यंत्रणा बंद. जेएनपीटीचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल डिग्गीकर यांनीही हीच अडचण सांगितली. हाताने नोंदी करून काम रेटायचा प्रयत्न झाला. वर्षाला १८ लाख टीईयू (कंटेनर मोजायचं एकक) क्षमतेचं टर्मिनल वहीवर किती चालणार?

पुढचे दहा दिवस. मर्स्कने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे केले. कुणाला कुठे प्रवेश द्यायचा, हे ठरवणारे त्यांचे दीडशेच्या आसपास सर्व्हर पुसले गेले होते. वाचला तो एकच, घानातला. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती म्हणून. कंपनीला फटका बसला २५ ते ३० कोटी डॉलरचा. खंडणी मागितली होती प्रत्येक मशीनमागे ३०० डॉलर. पण पडद्यावरचा ओळख क्रमांक निव्वळ वाटेल तसा बनवलेला होता, त्यावरून किल्ली काढायची सोयच नव्हती. पैसे भरूनही डिस्क उघडली नसती.